खालच्या कोर्टात निवाडा दाखवताना: गोव्यातल्या नव्या वकिलांसाठी

डिचोली, म्हापसा, फोंडा किंवा केप्याच्या कोर्टात नव्याने उभा राहिलेला वकील एका सवयीवरून लगेच ओळखू येतो. त्याच्या हातात निवाड्यांचा गठ्ठा असतो, आणि गठ्ठा जाड तितका धीर जास्त. समोर भरगच्च बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, घेऊन बसलेले न्यायाधीश एवढंच विचारतात, "नेमका कोणता परिच्छेद?" मग पानं चाळणं सुरू होतं आणि प्रतिपक्षाचे वकील घड्याळाकडे बघू लागतात.

कॉलेजात राज्यघटनेचं कलम १४१ शिकवतात: सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहे. ते खरंच आहे, पण कोर्टात त्याने निम्मंच काम भागतं. खालच्या न्यायाधीशांना वरचा निवाडा मोडता येत नाही. मात्र तो समोरच्या खटल्याला लागू पडतो का, हे त्यांनाच ठरवावं लागतं आणि त्याची कारणंही लिहावी लागतात. हे ठरवायला त्यांना मदत करणं हे आपलं काम. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने मांडल्या आहेत. स्वतःच्या दाव्यात काय चाललंय ते समजून घ्यायचं असलेल्या पक्षकारांनाही त्या उपयोगी पडतील.

१. निवाडा कुठून आला ते आधी बघा

गोव्यातल्या दिवाणी न्यायाधीशांवर आणि दंडाधिकाऱ्यांवर दोन न्यायालयांचे निवाडे बंधनकारक असतात: सर्वोच्च न्यायालय आणि मुंबई उच्च न्यायालय. मुंबई उच्च न्यायालय म्हणजे फक्त पर्वरीचं गोवा खंडपीठ नव्हे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेलं कोल्हापूरचं सर्किट खंडपीठ हे सगळं मिळून एकच उच्च न्यायालय. "हा नागपूरचा निवाडा आहे, इथे चालत नाही" असं कुणी म्हणालं तर शांतपणे उठून हे सांगा.

त्यातही पायऱ्या आहेत. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींच्या निवाड्यापेक्षा दोघांच्या खंडपीठाचा वरचढ, आणि त्याहून पूर्णपीठाचा, म्हणजे तीन किंवा अधिक न्यायमूर्तींचा. सर्वोच्च न्यायालयातही मोठ्या पीठाचा निवाडा लहान पीठावर बंधनकारक असतो. दाऊदी बोहरा प्रकरणात घटनापीठाने हे स्पष्ट केलेलं आहे. म्हणून निवाडा हातात आला की पहिल्या पानावरची न्यायमूर्तींची नावं मोजा.

कर्नाटक, केरळ, दिल्ली अशा दुसऱ्या उच्च न्यायालयांचे निवाडे इथे बंधनकारक नाहीत. पण मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाचं काहीच नसेल आणि कायदा केंद्राचा असेल, तर असा निवाडा न्यायाधीश नक्की वाचतात. फक्त तो मांडताना "बंधनकारक" म्हणू नका. "हा मार्गदर्शक आहे, याची कारणमीमांसा इथे पटण्यासारखी आहे" असं म्हणा. एवढ्या शब्दांच्या फरकाने तुमच्यावरचा विश्वास टिकतो.

नवखे बऱ्याचदा मडगावच्या जिल्हा न्यायाधीशांनी दुसऱ्या कुठल्या तरी दाव्यात दिलेला निकाल म्हापशात दाखवतात. तो पूर्वनिर्णय म्हणून कुणालाच बांधत नाही. अपवाद एकच: त्याच दाव्यात वरून प्रकरण फेरविचारासाठी परत आलं असेल, तर त्या आदेशातल्या सूचना खालच्या न्यायाधीशांना पाळाव्याच लागतात.

२. मूळ निवाडा मिळवा

हेडनोट म्हणजे संपादकाने काढलेला सारांश. तो शोधायला बरा, पण कोर्टात वाचायला नव्हे. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआर या अधिकृत संकेतस्थळावर जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतात. मुंबई उच्च न्यायालयाचे त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतात. आता निवाड्यांना तटस्थ क्रमांकही असतो. त्यात वर्ष, मग 'बीएचसी-गोवा' अशी पीठाची खूण आणि मग आकडा येतो. शेवटी 'डीबी' असेल तर तो दोन न्यायमूर्तींचा निवाडा. हा क्रमांक दिला की न्यायाधीश स्वतः पडताळून बघू शकतात. तुमच्याकडे महागडी सॉफ्टवेअर नसली तरी काही अडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निवाड्यांची मराठी भाषांतरं उपलब्ध आहेत. पक्षकाराला समजवायला ती फार कामाची. कोर्टात मात्र इंग्रजी मूळच द्या. भाषांतर प्रमाण धरलं जात नाही, तशी सूचना त्यावरच छापलेली असते.

आणि एक धोक्याची सूचना, जी अलीकडे दरवेळी द्यावी लागते. एआयला विचारून मिळालेला निवाडा स्वतः उघडून वाचल्याशिवाय दाखवू नका. ही यंत्रं पक्षकारांची नावं, वर्ष, पान क्रमांक सगळं व्यवस्थित देतात आणि तसा निवाडाच अस्तित्वात नसतो. २०२५ मध्ये बंगळुरूच्या एका दिवाणी न्यायाधीशाने अस्तित्वात नसलेले निवाडे आपल्या आदेशात घेतल्याचं कर्नाटक उच्च न्यायालयाच्या लक्षात आलं आणि प्रकरण कारवाईपर्यंत गेलं. जिथे न्यायाधीश फसले, तिथे नव्या वकिलाने किती जपावं हे सांगायला नको.

३. गाभा आणि बोलण्याच्या ओघात आलेलं वेगळं करा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. निवाड्यातलं प्रत्येक वाक्य बंधनकारक नसतं. त्या खटल्यातल्या वस्तुस्थितीवर जो कायदेशीर प्रश्न उभा राहिला आणि ज्या कारणाने त्याचं उत्तर दिलं गेलं, तो रेशो. बाकीचं ऑबिटर: आदराने वाचण्याजोगं, वजनदार, पण गाभा नव्हे.

गोव्यातलंच उदाहरण घ्या. होजे पावलो कुतिन्हो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल दिला. गोव्याचं अधिवास असलेल्या माणसाची गोव्याबाहेर, मुंबईत मालमत्ता होती. तिचा वारसा कोणत्या कायद्याने ठरवायचा हा प्रश्न होता. उत्तर आलं: गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने. त्या निवाड्याचा गाभा तेवढाच. त्याच निवाड्यात समान नागरी कायद्याबद्दल आणि त्याबाबतीत गोव्याच्या उदाहरणाबद्दलही न्यायालय बोललं आहे, आणि वर्तमानपत्रांत गाजलं ते तेवढंच. इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याच्या, कामात तुमच्या पक्षकाराचा बेळगाव किंवा पुण्यातला फ्लॅट यादीत यावा की नाही यावर वाद असेल, तर हा निवाडा तुमच्या हातातलं थेट हत्यार आहे. भलत्याच मुद्द्यावर समान नागरी कायद्याचे परिच्छेद वाचायला लागलात, तर न्यायाधीश तुम्हाला थांबवतील, आणि ते योग्यच असेल.

दुसरं उदाहरण अर्धवट वाचण्याचं. जमिनीच्या दाव्यांत अनाथुला सुधाकर वि. पी. बुची रेड्डी हा २००८ चा निवाडा सतत येतो. समजा, वादी म्हणतो की बागायत माझ्या ताब्यात आहे, शेजारी कुंपण मोडतोय, त्याला मनाई करा. प्रतिवादी उठतो, एक-चौदाच्या उताऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, आपलंही नाव असल्याचं दाखवतो आणि हा निवाडा पुढे करतो: मालकी वादात आहे, वादीने मालकी जाहीर करून मागितलेली नाही, नुसता मनाईचा दावा चालणार नाही, फेटाळा.

निवाडा पूर्ण वाचलेला नसेल तर तुम्ही इथेच गळून जाल. त्यात खरोखर म्हटलंय की वादीच्या मालकीवर सावट असेल तर मालकी जाहीर करण्याची मागणी लागते. पण कुणी नुसतं नाकारलं म्हणजे सावट येत नाही, हेही त्यातच आहे. ताबा आणि मालकी स्पष्ट असलेल्या माणसाला, केवळ कुणी लुडबुड्या खोटा हक्क सांगतो म्हणून, जास्त खर्चिक दाव्याकडे ढकलू नये, असंही त्याच परिच्छेदांच्या शेवटी सांगितलेलं आहे. म्हणजे तोच निवाडा दोन्ही बाजूंना वापरता येतो. निकाल ठरतो तो प्रतिवादीच्या नावाच्या नोंदीला किती आधार आहे यावर. ती नोंद कधी आली, कशावरून आली, तिला आव्हान दिलं होतं का? जमीन महसूल संहितेच्या कलम १०५ प्रमाणे नोंद खरी असल्याचं गृहीत धरतात, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. न्यायाधीशांना या वस्तुस्थितीपर्यंत नेलंत की निवाडा आपोआप तुमच्या बाजूने बोलू लागतो.

भारत पेट्रोलियम वि. वैरामणी (२००४) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की वस्तुस्थिती कशी जुळते हे न दाखवता न्यायालयांनी निवाड्यांवर विसंबू नये, आणि निवाड्यातली वाक्यं युक्लिडच्या प्रमेयांसारखी वाचू नयेत. प्रतिपक्षाने दहा निवाडे टाकले असतील तर उत्तरादाखल हा एक पुरतो. अर्थात तो तुमच्यावरही उलटू शकतो.

४. निवाडा आजही उभा आहे का

दाखवण्याच्या आदल्या दिवशी हे तपासा. मोठ्या पीठाने तो रद्द ठरवला आहे का? ज्या कलमावर तो उभा आहे ते कलम बदललं आहे का? फौजदारी बाजूला १ जुलै २०२४ पासून, नवे कायदे लागू झाल्यावर, हा प्रश्न रोजचा झाला. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. जुना निवाडा दाखवायचाच असेल तर दोन्ही कलमांचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून भाषा तीच आहे हे दाखवा.

"हा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेलाय, तोवर थांबा" हा युक्तिवाद तारीख मागण्यासाठी फार वापरला जातो. लडाख वि. जम्मू-काश्मीर नॅशनल कॉन्फरन्स प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मोठ्या पीठाचा किंवा पुनर्विलोकनाचा निकाल येईपर्यंत थांबायचं नाही. आज जो कायदा उभा आहे त्यावर निकाल द्यायचा. त्याच निवाड्यात, समान संख्येच्या दोन पीठांत विसंगती असेल तर आधीचा निवाडा धरावा, हेही सांगितलं आहे. ते सांगताना २०१७ च्या प्रणय सेठी निवाड्याचा आधार घेतला आहे.

आणखी काही फसव्या गोष्टी:

विशेष अनुमती याचिका, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागणारा अर्ज, कारण न देता एका ओळीत फेटाळली गेली, तर त्याने उच्च न्यायालयाच्या निवाड्यावर सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का बसत नाही. कुन्हायम्मद (२००० ) वाचा.

निवाड्याला स्थगिती मिळणं म्हणजे तो पुसला जाणं नव्हे. श्री चामुंडी मोपेड्स (१९९२) मध्ये हा फरक केलेला आहे.

अंतरिम आदेश, संमतीने झालेले आदेश, राज्यघटनेच्या कलम १४२ खाली "या प्रकरणापुरतं" म्हणून दिलेला दिलासा, जामिनाचे नुसते आदेश: यांना पूर्वनिर्णय समजून गठ्ठ्यात घालू नका.

५. न्यायाधीशांचे हात कुठे बांधलेले आहेत ते जाणून घ्या

"मॅडम, हा उच्च न्यायालयाचा निवाडा चुकीचा आहे" असं दिवाणी न्यायाधीशांपुढे म्हणण्यात अर्थ नाही. मनातून त्यांना पटलं तरी त्या तसं लिहू शकत नाहीत. त्यांच्या हातात असतं ते वेगळेपण दाखवणं: इथली वस्तुस्थिती निराळी, इथला प्रश्न निराळा. म्हणून विरोधी निवाडा खोडायचा असेल तर वस्तुस्थितीतला फरक दाखवा, शहाणपणातला नको.

कायदाच घटनाबाह्य आहे असं म्हणणं असेल तर दिवाणी न्यायाधीश तो रद्द ठरवू शकत नाहीत. निकालासाठी तो प्रश्न सोडवणं गरजेचं असेल आणि कायदा अवैध असल्याचं त्यांचं मत झालं, पण वरच्या न्यायालयाने तसं अजून ठरवलेलं नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ खाली तो प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो. फौजदारीत हाच रस्ता नव्या संहितेच्या कलम ४३६ मध्ये आहे. क्वचित वापरला जातो, पण माहीत असावा.

काही ठिकाणी मात्र निवाड्याने दंडाधिकाऱ्यांवर थेट कर्तव्य टाकलेलं असतं. अर्णेश कुमार वि. बिहार (२०१४) हे ठळक उदाहरण. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आपोआप अटक करू नये, अटकेची कारणं द्यावीत, आणि ती तपासून स्वतःचं समाधान नोंदवल्याशिवाय दंडाधिकाऱ्यांनी कोठडी देऊ नये. दिली तर उच्च न्यायालय खातेनिहाय कारवाई करू शकतं. रिमांडच्या वेळी हा निवाडा दाखवताना आवाज चढवायची गरज नसते. "पोलिसांनी दिलेली कारणांची यादी बघावी" एवढं म्हटलं तरी पुरतं.

६. गोव्यातली खास वळणं

इथे मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं ते ३० ऑक्टोबर १९८२ ला. त्याआधी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं, आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), कूळ, कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था) अशा विषयांत त्या काळचे निवाडे अजूनही बाहेर निघतात. त्यांचं वजन किती यावर वाद होऊ शकतो. वल्लियम्मा चंपका पिल्लै (१९७९) मध्ये जुन्या त्रावणकोर उच्च न्यायालयाचे निवाडे मद्रास उच्च न्यायालयावर बंधनकारक नाहीत, फार तर मार्गदर्शक, असं म्हटलं आहे; प्रतिपक्ष तेच तुमच्यावर फेकू शकतो. उपाय सोपा: त्या जुन्या निवाड्याचा आधार घेणारा १९८२ नंतरचा मुंबई उच्च न्यायालयाचा निवाडा शोधा आणि तो पुढे करा. जुना मागे जोडा.

वारसा आणि इन्व्हेंटरीच्या कामात पोर्तुगीज नागरी संहितेखालचा जुना निवाडा हाती लागला तर गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा, २०१२ पाहिल्याशिवाय तो वापरू नका. हा कायदा २०१६ मध्ये अमलात आला. वारसा कधी उघडला, म्हणजे माणूस कधी वारला, त्यावर कोणता कायदा लागू हे बघावं लागतं, आणि नवे वकील हमखास घसरतात ते इथेच.

मामलेदारांपुढची कामं वेगळ्या ढंगाची. तिथे कधी कधी "कोर्टाचा निवाडा कोर्टात दाखवा" असं ऐकू येतं. पण उच्च न्यायालयाच्या देखरेखीखालच्या प्राधिकरणांवर त्याचा निवाडा बंधनकारक असतो, हे ईस्ट इंडिया कमर्शियल कंपनी प्रकरणात १९६२ मध्येच ठरलेलं आहे. त्याची प्रत फाईलमध्ये कायम असू द्या. मामलेदारांपुढे परिच्छेद मोठ्याने वाचण्यापेक्षा त्याचा अर्थ दोन वाक्यांत लेखी द्या. तो रोजनाम्याला जोडला गेला की पुढे अपिलात उपयोगी पडतो.

७. सोबत काय न्यायचं

- दोन किंवा फार तर तीन निवाडे, पूर्ण छापलेले. पानांना क्रमांक, हव्या त्या परिच्छेदाला शेजारी रेघ.
- तीन प्रती: न्यायाधीशांना, प्रतिपक्षाला, स्वतःला. प्रतिपक्षाची प्रत आदल्या तारखेला किंवा निदान सकाळी द्या. ऐनवेळी दिलीत तर ते वाचायला वेळ मागतील आणि तुमचीच तारीख जाईल.
- एका पानाचं टिपण. डाव्या बाजूला निवाड्यातली वस्तुस्थिती, उजव्या बाजूला आपली, निशाणी (रेकॉर्डवरच्या कागदाच्या) क्रमांकासह. खाली प्रश्न आणि त्याचं उत्तर, परिच्छेद क्रमांक देऊन.
- ज्या कलमावर निवाडा आहे त्या कलमाचा मजकूर, निवाड्याच्या वेळचा आणि आजचा.
- निवाडा रद्द झालेला नाही हे तपासल्याची तारखेसह नोंद. ही फक्त आपल्यासाठी.

हे एका पानाचं टिपण बघून न्यायाधीश म्हणतात, "हे रेकॉर्डवर ठेवा." आदेश लिहायला बसताना त्यांच्यापुढे तेच पान असतं.

८. विरोधातला निवाडा लपवू नका

आपल्या विरोधात जाणारा, बंधनकारक निवाडा तुम्हाला माहीत असेल तर तो तुम्हीच दाखवा आणि आपलं प्रकरण कसं वेगळं ते सांगा. हे वकिलाचं न्यायालयाप्रती कर्तव्य तर आहेच, शिवाय सोयीचंही आहे. गोव्यातला बार लहान. एकदा निवाडा दडवल्याची गोष्ट पसरली की पुढची कित्येक वर्षं तुमचा प्रत्येक कागद दोनदा तपासला जातो.

९. निवाडा दाखवूनही निकाल विरुद्ध गेला तर

आदेश आधी नीट वाचा. निवाड्याचा उल्लेख करून, वस्तुस्थिती वेगळी का हे लिहिलं असेल, तर अपिलात तुम्हाला त्या फरकावरच लढावं लागेल. निवाड्याचा उल्लेखच नसेल, तर ते अपिलाचं स्वतंत्र कारण आहे; पण तो खरंच दाखवला होता हे रेकॉर्डवरून दिसलं पाहिजे. लेखी टिपणाचा आग्रह यासाठीही.

पुनर्विलोकनाच्या अर्जाची घाई करू नका. निकालानंतर दुसऱ्याच प्रकरणात वरच्या न्यायालयाने कायदा बदलला, तर त्या कारणासाठी पुनर्विलोकन मागता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४७, नियम १ खालच्या स्पष्टीकरणात ते सरळ लिहिलेलं आहे. नवा निवाडा वापरायचा तर अपिलात वापरा.

जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाची मुदत ३० दिवसांची, उच्च न्यायालयात ९० दिवसांची. प्रमाणित प्रतीसाठी लागलेला वेळ त्यातून वगळला जातो, पण अर्ज केल्यापासूनचा. म्हणून निकाल ऐकला की त्याच दिवशी प्रतीसाठी अर्ज टाका, आणि पावती पक्षकाराकडे न देता स्वतःच्या फाईलला लावा.